इंग्रजी पत्रात नावाआधी काय लावायचं?

सांगली भागात कुपवाडच्या एमआयडीसीत, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर, मिरजेतल्या एखाद्या हॉस्पिटलच्या ऑफिसात किंवा तासगावकडच्या द्राक्ष निर्यातदाराकडे तुम्ही नव्याने नोकरीला लागला असाल, तर पहिल्या काही आठवड्यांतच इंग्रजी मेल लिहायची वेळ येते. मजकूर जमतो. भाव, वजन, कंटेनर कधी सुटणार, सगळं मांडता येतं. अडतं ते पहिल्या ओळीवर. ‘डिअर’ लिहिलं, पुढे काय? मिस्टर, मिसेस की मिस? आणि नाव वाचून बाई आहेत की पुरुष हेच कळत नसेल तर?

नव्या मुलामुलींना ऑफिसचं पत्रलेखन शिकवताना मी या एका ओळीवर सगळ्यात जास्त वेळ घालवते. पत्र उघडल्यावर माणूस आधी स्वतःचं नाव वाचतो. तिथे चूक दिसली की पुढचा मजकूर तो सावधपणेच वाचतो. आणि लिहिणाऱ्याने आपल्या घरादाराविषयी परस्पर काही ठरवून टाकलंय असं दिसलं, तर मनातून दुखावतोही. बायकांच्या वाट्याला हे फार येतं, म्हणून या लेखात त्यांच्याविषयी जास्त लिहिलं आहे.

आधी शब्द ओळखून घेऊ

मिस्टर सोपा आहे. लग्न झालेलं असो वा नसो, कोणत्याही प्रौढ पुरुषाला मिस्टर चालतो. लहान मुलाला जुन्या पद्धतीने मास्टर म्हणतात. आता ते विमानाच्या तिकिटावर आणि लग्न-मुंजीच्या इंग्रजी पत्रिकांवर तेवढं उरलंय.

बायकांसाठी तीन शब्द आहेत. मिसेस लग्न झालेल्या बाईला, मिस लग्न न झालेल्या मुलीला, आणि मिझ दोघींनाही. मिझ एम आणि एस या दोनच अक्षरांत लिहितात. उच्चार करताना शेवटचा आवाज आपल्या ‘रोज’ शब्दातल्या ज सारखा येतो. आपल्याकडे बरेचजण ही दोन अक्षरं पाहून ‘मिस’ वाचतात, आणि फोनवर एखाद्या चाळिशीतल्या मॅनेजरबाईंना मिस म्हणून मोकळे होतात. तेवढा उच्चार आजच तोंडात बसवून घ्या.

हे तिन्ही शब्द मिस्ट्रेस या एकाच जुन्या शब्दातून आले आहेत. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापर्यंत मिसेस हा शब्द लग्नाला बांधलेला नव्हता. घर किंवा धंदा सांभाळणाऱ्या बाईला तो मानाने लावत, मग ती अविवाहित का असेना. लग्नाची खूण म्हणून तो पुढे घट्ट झाला. मिझची कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्राने १९०१ सालीच ती मांडली होती. बाईचं लग्न झालंय की नाही हे माहीत नसताना लिहिणाऱ्याची पंचाईत होते, म्हणून दोन्हीकडे चालेल असा एक शब्द असावा, असा त्यांचा साधा मुद्दा होता. मधली बरीच वर्षं तो शब्द पडून राहिला. १९६१ मध्ये शीला मायकल्स या कार्यकर्तीने तो उचलून धरला, १९७२ मध्ये त्याच नावाचं मासिक नियमित निघू लागलं आणि त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या छपाई खात्याने तो मान्य केला. न्यूयॉर्क टाइम्सने मात्र १९८६ पर्यंत वाट पाहिली. आज इंग्रजी व्यवहारात बाईसाठी हाच शब्द पहिल्यांदा हाताशी घ्यायचा असतो.

चौथा शब्द मिक्स, एम आणि एक्स. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी एकात न बसवणाऱ्या व्यक्ती तो वापरतात. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात तो आला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली आणि त्यानंतरच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या फॉर्मवर तसा पर्याय ठेवायला सांगितलं. त्यामुळे बँकेत किंवा पतसंस्थेत काउंटरवर बसणाऱ्यांना हा शब्द माहीत असायलाच हवा. फक्त तो आपण होऊन कुणाला चिकटवायचा नाही. त्या व्यक्तीने स्वतः निवडला असेल तरच लिहायचा. बऱ्याच तृतीयपंथी व्यक्तींना मिझ किंवा मिस्टरच हवं असतं.

सौ., कु. आणि श्रीमती इंग्रजीत नेऊ नका

आपली खरी अडचण इथे आहे. मराठीत बाईचं नाव लिहायचं म्हटलं की आपण मनात आधी एक प्रश्न विचारतो: लग्न झालंय का? झालं असेल तर सौ., नसेल तर कु. श्रीमती हा शब्द सरकारी कागदावर सगळ्याच स्त्रियांना लावतात, पण आपल्या भागात अजून कित्येक घरांत श्रीमती म्हटलं की नवरा हयात नाही असाच अर्थ घेतात. सौ. च्या जागी चुकून श्रीमती छापलं म्हणून पत्रिका परत छापून घेतलेली घरं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यात जुन्या पत्रिकांवरचं गं. भा. आहेच.

हा सगळा हिशोब डोक्यात ठेवून आपण इंग्रजीकडे जातो आणि सौ. म्हणजे मिसेस, कु. म्हणजे मिस असं भाषांतर करून टाकतो. मग लग्न झालंय की नाही हे शोधायला लागतो. फेसबुकवर फोटो पाहतो, कुणाला तरी विचारतो. याची काहीएक गरज नाही. तुम्ही बेदाण्याच्या मालाविषयी पत्र लिहिताय. समोरच्या बाईंच्या लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि त्यांनी ते तुम्हाला सांगावं असा तुमचा अधिकारही नाही. पुरुषाला मिस्टर लिहिताना तुम्ही असं काही शोधत नाही ना? मग बाईला लिहितानाही शोधू नका.

विधवा स्त्रीसाठी इंग्रजीत वेगळी उपाधी नाही. जी मिसेस होती ती नवरा गेल्यावरही मिसेसच राहते, मिझ होती ती मिझ. त्यामुळे बँकेत, विम्याच्या ऑफिसात, सोसायटीत काम करणाऱ्यांनो, खातेदार गेल्याची नोंद करताना त्यांच्या पत्नीच्या नावामागची उपाधी आपल्या मनाने बदलू नका. त्या बाई आधीच एका कठीण दिवसातून जात असतात, आणि तुमच्या पत्रावर बदललेली ती दोन अक्षरं त्यांना दिसतात. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं गावाने नाकारलं. राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एक गाव एवढं करू शकतं, तर ऑफिसच्या कागदावर एक रकाना आहे तसा ठेवणं अवघड नाही.

इंग्रजी पत्रात श्रीमतीचं इंग्रजी लघुरूपही आपल्याकडे चालतं. दिल्लीच्या सरकारी पत्रांवर ते नेहमी दिसतं. देशाबाहेर मात्र ते कुणाला कळत नाही. हॉलंडचा माणूस ते नावाचाच भाग समजेल.

पहिली पायरी: त्या व्यक्तीने स्वतः काय लिहिलंय ते बघा

आलेल्या मेलच्या तळाशी सही असते, व्हिजिटिंग कार्ड असतं, कंपनीच्या वेबसाइटवर नाव असतं. तिथे मिसेस असेल तर मिसेस लिहा, डॉक्टर असेल तर डॉक्टर. सगळ्यात मोठा आधार हाच. बाकीच्या पायऱ्या हा आधार मिळाला नाही तरच चढायच्या.

एखाद्या बाईंनी स्वतः मिसेस लिहिलं असेल तर तुम्हाला मिझ अधिक आधुनिक वाटतं म्हणून ते बदलू नका. कितीतरी जणींना मिसेस आवडतं, अभिमानाने लावतात. उपाधी ज्याची त्याची असते. ती निवडण्याचा हक्कही त्याच माणसाचा.

फोनवर बोलणं होत असेल तर सरळ विचारा. ‘पत्रावर आपलं नाव कसं लिहू?’ एवढं पुरतं. ‘मिस की मिसेस?’ असं विचारू नका. त्यात पुन्हा लग्नाचाच प्रश्न येतो.

दुसरी पायरी: पद किंवा हुद्दा आहे का?

पद किंवा पदवी असेल तर ती मिस्टर-मिझच्या जागी येते, जोडीला नाही. मिस्टर डॉक्टर असं इंग्रजीत लिहीत नाहीत. आपल्याकडे डॉ. सौ. लिहायची पद्धत आहे आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर तेच इंग्रजीत डॉक्टर मिसेस होऊन बसतं. इंग्रजी पत्रात नुसतं डॉक्टर लिहा. त्या बाईंनी शिकून मिळवलेली पदवी एकटीच पुरेशी आहे.

मिरज दवाखान्यांचं गाव, म्हणून डॉक्टरांविषयी थोडं अधिक. इंग्लंडमध्ये सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर किंवा मिस, मिसेस, मिझ म्हणतात. पूर्वी तिथे शस्त्रक्रिया न्हावी-सर्जन करत आणि विद्यापीठाची डॉक्टरकी फक्त फिजिशियनकडे असे. त्या काळची खूण सर्जन मंडळींनी आता मान म्हणून जपली आहे. तेव्हा लंडनच्या एखाद्या सर्जनकडे पेशंटचे रिपोर्ट पाठवताना वेबसाइटवर मिस्टर दिसलं तर ‘बिचाऱ्यांचं डॉक्टर राहून गेलंय’ असं समजून दुरुस्ती करू नका. आणि आपल्याकडे नर्सला सिस्टर, पुरुष नर्सला ब्रदर म्हणतो, ते बोलण्यात राहू द्या. पत्रात मिझ किंवा मिस्टरच लिहा. सिस्टर आणि ब्रदर चर्चच्या व्रतस्थांसाठी ठेवा.

‘सर’ या शब्दाने आपल्याकडे फार गोंधळ केलाय. आपण शाळेपासून पाटील सर, जोशी मॅडम म्हणत वाढलो, तेच पत्रात ‘डिअर पाटील सर’ होऊन उतरतं. काही मुलं ते उलटं करून ‘सर पाटील’ लिहितात. इंग्रजीत नावाआधी सर फक्त ब्रिटिश राजसत्तेने ती पदवी दिलेल्या माणसाला लागतं, आणि तेही त्याच्या पहिल्या नावाला. उदाहरण आपल्या दारातच आहे. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं करणारे डॉक्टर विल्यम वॉनलेस. वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. ब्रिटिश सरकारने त्यांना सर केलं तेव्हा ते सर विल्यम वॉनलेस झाले. थोडक्यात म्हणायचं तर सर विल्यम. सर वॉनलेस कधीच नाही. अशी पदवी मिळालेल्या स्त्रीला डेम म्हणतात आणि तिथेही पहिलंच नाव घेतात.

प्राध्यापकांचं वेगळं. आपल्याकडे कॉलेजात शिकवणारे सगळेच प्रा. असतात. ब्रिटनमध्ये प्रोफेसर हे विद्यापीठातलं वरचं पद आहे, सगळ्या शिक्षकांना ते लागत नाही. सांगलीच्या विलिंग्डन किंवा वालचंद कॉलेजातून बाहेर पडून परदेशी प्रवेशासाठी मेल करणाऱ्यांनी विद्यापीठाच्या पानावर त्या व्यक्तीचं पद वाचून मगच लिहावं. जर्मनीत मात्र प्रोफेसर आणि डॉक्टर दोन्ही एकापुढे एक लिहितात. तिथे ते चुकीचं नाही.

फौजेतली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, साताऱ्याकडे तर जास्तच. गावात निवृत्त होऊन आलेला प्रत्येक फौजी ‘मेजर’ असतो. प्रेमाने म्हणतात, म्हणू द्या. पण इंग्रजी पत्रात त्यांचा खरा हुद्दाच लिहा: नाईक, हवालदार, सुभेदार, जे असेल ते. हवालदाराला मेजर लिहिलं तर त्याला ते मान म्हणून वाटत नाही, अवघडायला होतं. निवृत्त असतील तर हुद्दा आधी, मग नाव आणि नावानंतर कंसात निवृत्तचं लघुरूप. ते लघुरूप हुद्द्याला चिकटवायचं नाही. माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही, अशी सैन्याची धारणा आहे.

पद्म पुरस्काराचंही सांगते, कारण सत्काराच्या निमंत्रणपत्रिका नव्या माणसाकडेच येतात. राज्यघटनेच्या कलम १८ ने ‘सर’सारख्या पदव्या बंद केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं की पद्मश्री किंवा पद्मभूषण नावाच्या आधी किंवा नंतर उपाधीसारखं लावता येत नाही. परिचयात ‘पद्मश्रीने सन्मानित’ असं वाक्य जरूर लिहा. नावाला मात्र मिस्टर, मिझ, डॉक्टर, पंडित, उस्ताद जे असेल तेच ठेवा. मिरजेच्या सतारमेकरांकडून किंवा संगीत सभांच्या आयोजकांकडून परदेशी जाणाऱ्या पत्रांत पंडित आणि उस्ताद तसेच लिहिले तरी चालतात. संगीत शिकायला येणाऱ्या परदेशी मंडळींना ते माहीत असतात.

वकिलांच्या नावाआधी ॲडव्होकेट, इंजिनीअरच्या नावाआधी त्याचं लघुरूप, सीएच्या नावाआधी सीए, या खास आपल्या देशातल्या पद्धती. देशात चालवा, बाहेरच्या पत्रात मिस्टर किंवा मिझ.

तिसरी पायरी: काहीच सापडलं नाही तर

पुरुषाला मिस्टर, बाईला मिझ. विचार करत बसू नका.

युरोपातल्या खरेदीदारांना लिहिताना तर ही पायरी अगदी निर्धास्तपणे चढा. पश्चिम जर्मनीने अविवाहित मुलीसाठीचा फ्रॉइलाइन हा शब्द सरकारी कामकाजातून १९७२ मध्येच काढला, फ्रान्सने मादमोआझेल २०१२ मध्ये सरकारी फॉर्मवरून हटवला. तिथल्या बाईंना लग्नावरून वेगळी उपाधी लावून घ्यायची सवयच राहिलेली नाही.

चौथी पायरी: बाई की पुरुष तेच कळत नाही

हॉलंडला द्राक्षं पाठवणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. जे-ए-एन अशी अक्षरं असलेलं नाव हॉलंडमध्ये पुरुषाचं असतं आणि यान असं वाचतात. तीच अक्षरं इंग्लंडमध्ये बहुधा बाईच्या नावाची. आन्द्रेआ इटलीत पुरुष, जर्मनीत स्त्री. निकोला इटलीत पुरुष, इंग्लंडात स्त्री. आणि त्यांना आपल्याबद्दल असाच प्रश्न पडतो: किरण म्हणजे कोण, शशी म्हणजे कोण?

उपाय सोपा आहे. उपाधी सोडा आणि पूर्ण नाव लिहा: डिअर, पुढे पहिलं नाव, मग आडनाव. यात उद्धटपणा नाही. हल्ली कितीतरी कंपन्या सगळ्याच पत्रांत असं लिहितात. अंदाजाने मिस्टर लिहून बाईंना पुरुष करण्यापेक्षा हे शतपटीने बरं. ‘डिअर सर ऑर मॅडम’ हे नावच माहीत नसेल तेव्हासाठी ठेवा. नाव समोर असताना ते लिहिलं तर नाव वाचायचेही कष्ट घेतले नाहीत असं वाटतं. आणि नुसतं ‘डिअर सर्स’ तर लिहूच नका. पलीकडे सगळ्या बायका असल्या तर?

पाचवी पायरी: उपाधी कोणत्या नावाला लावायची?

इंग्रजीत उपाधी आडनावाला किंवा पूर्ण नावाला लागते, नुसत्या पहिल्या नावाला नाही. समजा सविता पाटील असं नाव आहे, तर मिझ पाटील किंवा मिझ सविता पाटील. मिझ सविता नाही. नियम एवढा सोपा, पण जगातली सगळी नावं इंग्रजी पद्धतीने चालत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबू.

हळदीच्या व्यवहारात इरोडशी संबंध येतो. तमिळ नावात बहुतेकदा आडनाव नसतंच. आधीचं अक्षर वडिलांच्या नावाचं असतं, पुढे स्वतःचं नाव. तेव्हा एस. मुरुगेशन असेल तर मिस्टर मुरुगेशन बरोबर. तिथे ‘आडनाव कुठंय?’ म्हणून शोधत बसू नका. आखाती देशांत स्वतःच्या नावानंतर वडील-आजोबांची नावं येतात आणि बोलताना उपाधी पहिल्या नावाला लागते, म्हणून दुबईचे खरेदीदार मिस्टर अहमद म्हणून सही करतात. त्यांना तसंच लिहा. चिनी नावात आडनाव आधी येतं, वांग ली म्हणजे वांग आडनाव. व्हिएतनाममध्येही आडनाव आधीच, पण हाक मारताना शेवटचं, स्वतःचं नाव घेतात. न्गुयेन व्हान मिन्ह यांना मिस्टर मिन्ह.

आपलीही गंमत आहे. कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात हजेरीपटापासून सातबाऱ्यापर्यंत सगळीकडे आडनाव आधी लिहायची सवय: पाटील सविता रमेश. ही यादी तशीच परदेशी गेली की समोरचा माणूस शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि सवितांना मिझ रमेश म्हणून पत्र येतं. कधी कधी तर मिस्टर रमेश. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक यादीत स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी ठेवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आता आईचंही नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यामुळे मधली नावं पुढे वाढणार आहेत. पत्राच्या पहिल्या ओळीला मात्र आडनाव पुरतं.

बाईंना नवऱ्याच्या पूर्ण नावाने मिसेस रमेश पाटील म्हणायची जुनी ब्रिटिश रीत होती, आपल्याकडे क्लबांच्या आणि ट्रस्टच्या जुन्या कागदांवर अजून सापडते. आता ती टाळा. बाईंना स्वतःचं नाव आहे.

जोडप्याला एकत्र पत्र असेल तर मिस्टर अँड मिसेस पाटील हे चालतं, दोघांना तसं आवडत असेल तर. पत्नी डॉक्टर असतील तर आधी डॉक्टर सविता पाटील, मग मिस्टर रमेश पाटील. पत्नीने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर दोघांची पूर्ण नावं वेगवेगळ्या ओळींवर लिहा.

सहावी पायरी: सुरुवात आणि शेवट जुळवा

‘डिअर’ लिहायला आपल्याकडची मुलं बिचकतात. साहेबांना प्रिय कसं लिहायचं, आणि अनोळखी बाईंना तर कसंच. म्हणून ‘रिस्पेक्टेड सर’ येतं. शाळेला किंवा जिल्हा परिषदेला अर्ज करताना ते ठीक आहे. परदेशी पत्रात मात्र ‘डिअर’ला जिव्हाळ्याचा काहीच अर्थ उरलेला नाही, तो नुसता रिवाज आहे. निःसंकोच लिहा.

ब्रिटिश पद्धतीत नाव घेऊन सुरुवात केली, डिअर मिझ पाटील, तर शेवटी युअर्स सिन्सिअरली. डिअर सर ऑर मॅडमने सुरू केलं तर युअर्स फेथफुली. अमेरिकेत हा भेद फारसा पाळत नाहीत, सिन्सिअरली सगळीकडे चालतं. मिस्टर-मिझच्या लघुरूपानंतर ब्रिटिश टिंब देत नाहीत, अमेरिकन देतात. कोणतंही चालेल, पण एका पत्रात दोन तऱ्हा नकोत.

फर्मच्या नावाआधी मेसर्सचं लघुरूप लावायची आपल्या बाजारपेठेतली सवय देशातल्या बिलांपुरती ठेवा. लिमिटेड कंपनीला तर ते लागतच नाही.

समोरून ‘डिअर सविता’ असं उत्तर आलं आणि खाली नुसतं पहिलं नाव सही म्हणून आलं, तर त्यांनी उपाधी बाजूला ठेवली असं समजा. तुम्हीही पुढच्या पत्रात पहिलं नाव लिहू शकता. आपल्याला मोठ्या माणसाला नावाने हाक मारणं जड जातं, म्हणून काहीजण मधला मार्ग काढून मिस्टर यान लिहितात. ते दोन्हीकडून चुकतं. एकतर यान, नाहीतर मिस्टर आणि आडनाव. आणि तुमचे मालक त्याच मेलमध्ये असतील, त्यांचा उल्लेख मिस्टर आणि आडनावानेच करा. परदेशी माणसाशी मोकळं बोलताना घरच्या माणसांचा मान कमी करायचं कारण नाही.

सातवी पायरी: स्वतःची सही

तुमचं नाव वाचून समोरच्याला काही कळणार नाही, हे धरून चाला. किरण, हर्षल, अमृत, कुणाचंही नाव असो, सहीखाली पूर्ण नाव, स्वतःचं आधी आणि आडनाव शेवटी, लिहा. तुम्हाला हवी असेल ती उपाधी नावानंतर कंसात द्या. मुलींनो, तिथे काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा. ऑफिसने छापून दिलेल्या सहीत तुमच्या नावामागे मिस असेल आणि तुम्हाला मिझ हवं असेल, तर आयटीवाल्याला सांगून बदलून घ्या. लग्नानंतर आडनाव न बदललेल्यांनीही हेच करावं. कार्यालयाला त्यात विचारण्यासारखं काही नाही.

मुलांनी एक लक्षात ठेवा: मिस्टर स्वतःच्या नावाआधी बोलताना लावू नये. फोनवर ‘आय ॲम मिस्टर पाटील’ म्हणण्यापेक्षा नुसतं पूर्ण नाव सांगा. कंसातली उपाधी फक्त समोरच्याला माहिती मिळावी म्हणून असते.

तिकिटं आणि फॉर्म

विमानाचं तिकीट काढताना यादीतून उपाधी निवडावीच लागते. भारतीय पासपोर्टवर उपाधी नसते, त्यामुळे नाव आणि आडनाव पासपोर्टबरहुकूम असणं सगळ्यात महत्त्वाचं. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला मास्टरचं लघुरूप, मुलीला मिस. बोर्डिंग पासवर कधी कधी पहिल्या नावाला मिस्टरची दोन अक्षरं चिकटून छापून येतात. ते विमान कंपनीच्या संगणकाचं काम आहे, नाव चुकलं म्हणून घाबरू नका. घरातल्या वयस्कर मंडळींना पहिल्यांदा पाठवत असाल तर हे आधी सांगून ठेवा. विमानतळावर तेवढ्यावरून त्यांची झोप उडते.

बँकेच्या केवायसी फॉर्मवर उपाधीचा रकाना असतो. फॉर्म भरून देणाऱ्या माणसाने तिथे स्वतः खूण करू नये, समोरच्या बाईंना विचारावं. फॉर्मवर मिझचा पर्याय बहुतेक वेळा असतोच.

शेवटी, यादी जपून ठेवा

तुमच्या ऑफिसातल्या ग्राहकांच्या एक्सेल यादीत उपाधीसाठी वेगळा रकाना करा. पहिलं नाव, आडनाव आणि हाक मारायचं नाव हेही वेगवेगळे. म्हणजे इरोडचे मुरुगेशन आणि दुबईचे अहमद दोघांचंही नाव बरोबर येईल. कुणी मेलमधून दुरुस्ती कळवली, ‘मी मिस्टर नाही, मिझ’ असं, तर उत्तरात एका ओळीत माफी मागा, लांबण लावू नका, आणि त्याच मिनिटाला यादीत बदल करा. नाहीतर दिवाळीच्या शुभेच्छा पुन्हा जुन्याच नावाने जातात. ज्यांची उपाधी माहीत नाही त्यांचा रकाना रिकामा ठेवा, आणि मेल मर्ज करताना, म्हणजे यादीवरून सगळ्यांची पत्रं एकदम तयार करताना, रिकाम्या रकान्यासाठी पूर्ण नाव येईल अशी सोय करा. सगळ्यांना पाठवण्याआधी पहिली काही पत्रं स्वतः उघडून नावाची ओळ वाचून बघा.